वाहनातील ॲम्प्लिफायर

वाहनातील ॲम्प्लिफायर अथवा कार ॲम्प्लिफायर हे मोटार, ट्रॅक्टर, रिक्षा किंवा मालमोटार यांतील टेप अथवा म्युझिक प्लेअरकडून येणारा क्षीण विद्युत संकेत प्रबळ करून स्पीकरकडे पाठवणारे उपकरण आहे. मराठीत यासाठी 'ध्वनिवर्धक' हा शब्द रूढ आहे. मात्र तोच शब्द बोलण्यात पुष्कळदा स्पीकरसाठीही वापरला जातो. बाजारपेठेत व वायरिंगच्या दुकानांत हे उपकरण 'ॲम्प' किंवा नुसते 'मशीन' या नावाने ओळखले जाते.

घरगुती ॲम्प्लिफायर २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतो, तर वाहनातील ॲम्प्लिफायरला बॅटरीच्या १२ व्होल्टवर काम करावे लागते. दाब कमी असल्यामुळे तेवढ्याच शक्तीसाठी विद्युतप्रवाह कितीतरी पटींनी जास्त लागतो. या एका कारणामुळे वाहनातील ॲम्प्लिफायरचे बहुसंख्य बिघाड उपकरणाच्या आत नसून त्याच्या बाहेर, म्हणजे तार, अर्थिंग, फ्यूज आणि जोडणी यांत आढळतात. उपकरण उघडण्यापूर्वी या चार गोष्टी क्रमाने तपासल्यास अनावश्यक खर्च टळतो आणि वाहनाला आग लागण्याचा धोकाही कमी होतो.

## पार्श्वभूमी

व्यावसायिक दृष्ट्या यशस्वी ठरलेला पहिला मोटार रेडिओ अमेरिकेत १९३० साली 'मोटोरोला' या नावाने विक्रीस आला. त्या काळातील संच निर्वात नळ्यांवर चालत व बॅटरीवर मोठा भार टाकत. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागल्यानंतरच्या दशकांत संच लहान झाले व त्यांची विजेची गरज घटली. पुढे संपूर्ण ॲम्प्लिफायर एकाच चिपमध्ये बसवणारी इंटिग्रेटेड सर्किट आली. त्यांपैकी टीडीए २०३० ही चिप भारतातील स्थानिक जुळणीच्या ॲम्प्लिफायरांत फार मोठ्या प्रमाणावर वापरली गेली.

## रचना आणि कार्य

वाहनातील स्वतंत्र ॲम्प्लिफायरचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग वीजपुरवठ्याचा. यातील मॉस्फेट व ट्रान्सफॉर्मर बॅटरीच्या १२ व्होल्टपासून त्याहून जास्त असे धन व ऋण दाब तयार करतात. दुसरा भाग संकेत वाढवणारा असून त्याच्या अखेरीस स्पीकरला प्रवाह पुरवणारे ट्रान्झिस्टर असतात.

रचनेनुसार 'क्लास एबी' आणि 'क्लास डी' हे दोन प्रकार प्रचलित आहेत. क्लास एबी ॲम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर चालताना घेतलेल्या विजेपैकी सुमारे ५० ते ६५ टक्के वीज स्पीकरकडे पोहोचवतो व उरलेल्या विजेची उष्णता होते. क्लास डीमध्ये हे प्रमाण ८० ते ९० टक्के असते. म्हणून तो आकाराने लहान असूनही कमी तापतो.

ॲम्प्लिफायरला चार प्रकारच्या तारा जोडलेल्या असतात:

* बॅटरीच्या धन टोकापासून थेट येणारी जाड तार. हिच्यावर बॅटरीजवळ फ्यूज असावा लागतो.
* वाहनाच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार.
* टेपकडून येणारी बारीक 'रिमोट' तार. टेप सुरू होताच हिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि ॲम्प्लिफायर जागा होतो.
* संकेत आणणाऱ्या आरसीए तारा आणि स्पीकरकडे जाणाऱ्या तारा.

## माजलगाव परिसरातील वापर

माजलगाव हे बीड जिल्ह्यातील सिंदफणा नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण आहे. येथील धरणाच्या सिंचनामुळे तालुक्यात ऊस हे महत्त्वाचे पीक झाले आहे. दुसरीकडे, बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून राज्यभर ओळखला जातो. गळीत हंगामात येथील अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांच्या परिसरात जातात. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर बसवलेला टेप, ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची पेटी हे या भागातील रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य आहे. लग्नाची वरात, मिरवणुका आणि निवडणुकीचा प्रचार यांसाठीही वाहनांवर ध्वनियंत्रणा बसवली जाते.

मोटारीसाठी तयार झालेले उपकरण ट्रॅक्टरवर बसवताना काही वेगळ्या अडचणी निर्माण होतात. ट्रॅक्टरवर ते उघड्यावर असते. काळ्या मातीची धूळ व उसाच्या पाचटाचा भुसा त्यात शिरतो. शेतातील रस्त्यांवरील हादऱ्यांमुळे जोडण्या सैल होतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. शिवाय अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३५ ते ४५ अँपिअर क्षमतेचाच असतो आणि त्यातूनच दिवे व बॅटरीचे चार्जिंगही भागवावे लागते. ॲम्प्लिफायरची मागणी या क्षमतेपलीकडे गेल्यास बॅटरी उतरत जाते आणि दिवे मंदावतात. रात्री भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या वाहनाचे पुढचे व मागचे दिवे मंद होणे हा केवळ गैरसोयीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न ठरतो.

## विद्युतप्रवाह आणि तारेची जाडी

बिघाड समजण्यासाठी प्रवाहाचा हिशेब माहीत असणे उपयुक्त ठरते. ५०० वॉट शक्ती देणारा क्लास डी ॲम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम असेल, तर त्याला ६२५ वॉट वीज लागते. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट दाब धरल्यास प्रवाह सुमारे ४५ अँपिअर होतो. प्रत्यक्ष संगीतात सरासरी मागणी याहून कमी असते. परंतु ठोक्याच्या क्षणी ती या पातळीपर्यंत पोहोचू शकते.

तार बारीक असल्यास या प्रवाहामुळे दाब वाटेतच घटतो. ५ मीटर लांबीच्या शुद्ध तांब्याच्या धन तारेतून ४५ अँपिअर प्रवाह जाताना होणारी घट पुढीलप्रमाणे असते:

| तारेचा छेद (चौ. मिमी) | दाबातील घट (व्होल्ट) |
|---|---|
| २.५ | १.५५ |
| ४ | ०.९७ |
| १० | ०.३९ |
| १६ | ०.२४ |
| २५ | ०.१५ |

घरगुती वायरिंगची २.५ चौ. मिमी तार वापरल्यास दीड व्होल्टहून अधिक दाब तारेतच खर्ची पडतो, आणि ती तार धोकादायक पातळीपर्यंत तापते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या ताराही मिळतात. त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, म्हणून त्या अधिक जाड घ्याव्या लागतात. तारेचे टोक चाकूने खरवडल्यावर आतून पांढरा धातू दिसला, तर ती अशी तार असण्याची शक्यता असते. मात्र कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारही वरून पांढरी दिसते. म्हणून टोक कापून तारेचा गाभा पाहणे अधिक खात्रीचे असते.

## तपासणीचा क्रम

तपासणीसाठी एक साधा डिजिटल मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दीड व्होल्टचा सेल आणि चांगला असल्याची खात्री असलेला एक स्पीकर एवढी सामग्री पुरते. तारा सोडण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक आधी सोडावे व काम झाल्यावर ते शेवटी जोडावे. पान्याचा स्पर्श एकाच वेळी धन टोकाला व सांगाड्याला झाल्यास मोठी ठिणगी उडते. ऋण टोक आधी सोडलेले असल्यास हा धोका राहत नाही.

तपासणी पुढील क्रमाने करावी:

१. बॅटरीचा दाब. इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट, तर इंजिन चालू असताना साधारणपणे १३.८ ते १४.४ व्होल्ट असावेत.
२. ॲम्प्लिफायरच्या धन व अर्थ टोकांमधील दाब. हा दाब संगीत चालू असताना मोजावा. भार नसताना खराब जोडणीही १२ व्होल्ट दाखवते.
३. रिमोट टोकावरील दाब.
४. टेपकडून येणारा संकेत.
५. स्पीकर व त्यांच्या तारा.
६. या पाचही गोष्टी निर्दोष आढळल्या, तरच ॲम्प्लिफायर उघडावा.

## सामान्य बिघाड

### ॲम्प्लिफायर सुरू न होणे

दर्शक दिवा लागत नसेल, तर धन, अर्थ व रिमोट या तिन्ही तारा तपासाव्यात. फ्यूज नुसता डोळ्यांनी न पाहता मल्टीमीटरने तपासावा, कारण केसासारखी बारीक तडा दिसत नाही. धन टोकावर १२ व्होल्ट असून रिमोट टोकावर काहीच नसेल, तर दोष टेपमध्ये अथवा रिमोट तारेत असतो. धन टोकावरून रिमोट टोकावर क्षणभर तारेने दाब दिल्यास ॲम्प्लिफायर सुरू झाला, तर हे निदान पक्के होते.

अर्थिंगचा दोष सर्वाधिक फसवा असतो. रंगावर किंवा गंजावर बसवलेल्या नटाचा रोध केवळ ०.१ ओहम असला, तरी ४५ अँपिअर प्रवाहाला तेथे ४.५ व्होल्ट दाब वाया जातो व ॲम्प्लिफायर बंद पडतो. यासाठी संगीत चालू असताना ॲम्प्लिफायरचे अर्थ टोक व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो ०.२ व्होल्टहून अधिक असल्यास जोडणीची जागा पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करावा, लग घट्ट बसवावा आणि गंज टाळण्यासाठी वरून ग्रीस लावावे. अर्थिंगची तार धन तारेएवढीच जाड असावी.

### फ्यूज वारंवार उडणे

तारा जोडताच फ्यूज उडत असेल, तर स्पीकर, संकेत व रिमोट यांच्या तारा काढून नवा फ्यूज बसवावा. तरीही तो उडाल्यास वीजपुरवठ्यातील मॉस्फेट शॉर्ट झालेले असण्याची शक्यता मोठी असते. बॅटरीची टोके उलट जोडली गेली असल्यास संरक्षक डायोड जळूनही हाच परिणाम दिसतो. मोठ्या आवाजावरच फ्यूज उडत असेल, तर स्पीकरचा रोध कमी आहे किंवा फ्यूज मागणीपेक्षा लहान आहे.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार, खिळा किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालणे अत्यंत धोकादायक आहे. बॅटरी शॉर्ट झाल्यास ती काही शे अँपिअर प्रवाह देऊ शकते. अशा वेळी तारेचे आवरण काही सेकंदांत पेट घेते.

### 'प्रोटेक्ट' दिवा लागणे

अतिप्रवाह, अतिउष्णता किंवा स्पीकरच्या टोकांवर आलेला सरळ दाब यांपासून बचाव करण्यासाठी ॲम्प्लिफायर स्वतःला बंद करतो व लाल दिवा लावतो. सर्व स्पीकर काढल्यावर दिवा विझला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा तारेत आहे. मग एकेक स्पीकर पुन्हा जोडून दोषी स्पीकर ओळखता येतो. स्पीकर काढूनही दिवा राहिला, तर आरसीए तारा काढून पाहाव्यात. त्यानंतरही तो राहिल्यास बिघाड आतला आहे.

४ ओहमच्या स्पीकरची कॉइल मल्टीमीटरवर सुमारे ३.२ ते ३.६ ओहम दाखवते. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण रोध २ ओहम, तर एकसर जोडल्यास ८ ओहम होतो. ॲम्प्लिफायरच्या पाटीवर दिलेल्या किमान रोधाच्या खाली जाऊ नये. दोन चॅनल एकत्र करून 'ब्रिज' जोडणी केल्यास प्रत्येक चॅनलला स्पीकरचा निम्माच रोध जाणवतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

### एका बाजूचा आवाज न येणे

डावी व उजवी आरसीए तार ॲम्प्लिफायरकडील टोकावर अदलाबदल करावी. बंद बाजू बदलली, तर दोष टेपमध्ये किंवा त्या तारेत असतो. ती बदलली नाही, तर दोष ॲम्प्लिफायरचा तो चॅनल, स्पीकर अथवा स्पीकरची तार यांत असतो. त्यानंतर स्पीकरच्या तारांची अशीच अदलाबदल केल्यास दोषाची जागा आणखी नेमकी होते.

ट्रॅक्टरवर कधी कधी एक तार वाचवण्यासाठी स्पीकरचे ऋण टोक सांगाड्याला जोडले जाते. बहुतेक आधुनिक टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर संकेत असतो. त्यामुळे अशी जोडणी चिपचे नुकसान करते.

### घरघर आणि शीळ

इंजिनच्या वेगाबरोबर चढ-उतार होणारी शीळ ही अल्टरनेटरची असते. टेप व ॲम्प्लिफायर यांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असून त्या ठिकाणांमध्ये दाबाचा फरक असल्यास ती संकेतात मिसळते. आरसीए तार काढल्यावर शीळ थांबली, तर ती टेपकडून किंवा त्या तारेतून येत आहे. न थांबल्यास ॲम्प्लिफायरची अर्थिंग अथवा गेनची जोडणी तपासावी. आरसीए तारा वाहनाच्या एका बाजूने व विजेची जाड तार दुसऱ्या बाजूने न्यावी.

मोबाईल चार्जिंगला लावून ऑक्स तारेने गाणी ऐकताना येणारी घरघर याच प्रकारची असते. चार्जिंगची तार काढताच ती थांबली, तर निदान निश्चित होते. ग्राउंड लूप आयसोलेटर या लहान उपकरणाने ती दूर करता येते.

### फाटका आवाज

गेनचे बटण हे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. टेपच्या संकेताशी ॲम्प्लिफायर जुळवून घेण्यासाठी ते असते. ते प्रमाणाबाहेर वाढवल्यास ध्वनिलहरीचे माथे कापले जातात. यालाच 'क्लिपिंग' म्हणतात. लहर पूर्णपणे चौकोनी झाल्यास ॲम्प्लिफायरची शक्ती नेमून दिलेल्या शक्तीच्या दुपटीपर्यंत जाते आणि स्पीकरची कॉइल जळते. त्यामुळे १०० वॉटचा स्पीकर १०० वॉटच्याच ॲम्प्लिफायरवरही जळू शकतो.

गेन ठरवण्यासाठी शक्ती व रोध यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढतात. १०० वॉट व ४ ओहमसाठी ते २० व्होल्ट येते. स्पीकर काढून ठेवावेत, टेपचा आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवावा, ५० हर्ट्झचा एकसारखा स्वर लावावा आणि ॲम्प्लिफायरच्या स्पीकर टोकांवर मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून २० व्होल्ट येईपर्यंत गेन हळूहळू वाढवावा. ५० हर्ट्झचा स्वर गाळणारे फिल्टर या वेळी बंद ठेवावे लागते.

आवाज स्वच्छ पण पोकळ असून बेस लागत नसेल, तर दोहोंपैकी एक स्पीकर उलट जोडलेला असू शकतो. दीड व्होल्टच्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावल्यास पडदा बाहेर सरकला पाहिजे.

### तापून बंद पडणे

काही वेळ चालून बंद पडणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारा ॲम्प्लिफायर उष्णतासंरक्षणामुळे थांबत असतो. तो सीटखाली, गालिच्याने झाकून किंवा इंजिनलगत बसवू नये. त्याच्या धातूच्या पात्यांवर साचलेली धूळ कोरड्या ब्रशने काढावी. पाण्याने धुऊ नये. जागा मोकळी असूनही तो तापत असेल, तर कमी रोधाचे स्पीकर हे कारण तपासावे.

### बॅटरी उतरणे

ट्रॅक्टरमध्ये रिमोट तार पुष्कळदा थेट बॅटरीला जोडली जाते. मग टेप बंद केला, तरी ॲम्प्लिफायर जागाच राहतो. त्याने १ अँपिअर प्रवाह घेतला, तर दिवसभरात २४ अँपिअर-तास खर्च होतात. ८० अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत इंजिन सुरू करण्याच्याही योग्यतेची राहत नाही. रिमोट तार किल्लीच्या स्विचमधून नेणे हा यावरचा सोपा उपाय आहे. सर्व काही बंद असताना वाहनाची मागणी साधारणपणे ५० मिलिअँपिअरहून कमी असावी. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास मोठ्याने संगीत वाजवल्यानेही बॅटरी उतरते आणि वारंवार पूर्ण उतरल्यास तिचे आयुष्य घटते.

## अंतर्गत दुरुस्ती

आतील दुरुस्ती जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावी. जळालेला मॉस्फेट बदलताना त्याच्या जोडीतील सर्व मॉस्फेट व त्यांना संकेत देणारे रोधक तपासावे लागतात. अन्यथा नवा भागही लगेच जळतो. प्रथम वीज देताना धन तारेत १२ व्होल्ट, ५५ वॉटचा हेडलाइट बल्ब एकसर जोडतात. शॉर्ट शिल्लक असल्यास बल्ब पूर्ण पेटतो व प्रवाह सुमारे ४.५ अँपिअरवर मर्यादित राहतो. दोष नसल्यास तो क्षणभर चमकून मंद होतो. वीज तोडल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहतो.

## सुरक्षितता

* मुख्य फ्यूज बॅटरीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत असावा. फ्यूज हा प्रामुख्याने तारेच्या रक्षणासाठी असतो. त्यामुळे तो ॲम्प्लिफायरजवळ असून चालत नाही.
* पत्र्यातून जाणाऱ्या तारेला रबरी बुच बसवावे. पत्र्याच्या धारेवर आवरण कापले जाऊन शॉर्ट होतो.
* ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व ॲम्प्लिफायरच्या तारा सोडाव्यात.
* काही मालमोटारी व बसगाड्यांत २४ व्होल्टची यंत्रणा असते. तेथे १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर थेट जोडू नये.

## ध्वनिमर्यादा आणि कायदा

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात ८ तासांपर्यंत राहणे ही मर्यादा मानली जाते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. त्या हिशेबाने १०० डेसिबलसाठी ती केवळ १५ मिनिटे उरते. चालकाच्या कानांवर होणाऱ्या परिणामाइतकाच महत्त्वाचा धोका म्हणजे मागील वाहनाचा हॉर्न ऐकू न येणे हा होय. अरुंद रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमुळे मागचे दिसत नसताना हॉर्न हीच चालकाला मिळणारी सूचना असते.

ध्वनी प्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ हा काळ. प्रचारासाठी अथवा मिरवणुकीत ध्वनिक्षेपक वापरण्यास सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत अनधिकृत बदल करण्यास मनाई आहे.

## हे सुद्धा पहा

* ध्वनिक्षेपक
* ओहमचा नियम
* ट्रान्झिस्टर
* ध्वनी प्रदूषण
* माजलगाव